न्हाणीतलं रडणं

तान्ह्या बाळाचं रडणं विकत मिळतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ध्वनिसंग्रहात ते ओळीनं लावून ठेवलेलं असतं: भुकेचं, झोपेचं, पोटदुखीचं, लस टोचल्यावरचं. मी बत्तीस वर्षं सिनेमांना आवाज दिले. दारांचे, भांडणांचे, भाकरी थापायचे, चिखलात रुतलेल्या चपलेचे. पण त्या संग्रहातलं एकही रडणं मला कधी पटलं नाही. सगळी बाळं कशी मापात रडतात. खरं पोर रडता रडता मध्येच श्वास धरतं आणि तो पुन्हा सुटेपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव जागेवर नसतो. तेवढाच तुकडा कुणाला जमत नाही.

मला जमला, आणि त्यापायी माझ्या लेकीचं पोर तिच्यापासून गेलं. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवून सांगायची आता हौस राहिलेली नाही.

मी नलिनी इंगवले. कोल्हापुरात राजारामपुरीत माझा लहानसा स्टुडिओ आहे आणि त्याच्यावर घर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, ऋजुता. ती लग्न करून पुण्याला गेली, कौस्तुभकडे. बाळंतपणाला अर्थातच माहेरी आली. मुलगा झाला, त्याचं नाव ओजस ठेवलं.

ओजस चार महिन्यांचा होऊन ऋजुता पुण्याला परत गेली, त्याच महिन्यात डॉ. तन्वीर मुजावर माझ्याकडे आले. ते मेंदूचे डॉक्टर, एका खासगी संशोधन संस्थेत काम करायचे. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "ताई, एक भयपट करायचाय. चौतीस मिनिटांचा. फक्त आईबापांना दाखवायला."

"आईबापांना भयपट कशाला दाखवताय? तो घरात चालूच असतो की," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक टोपी काढून टेबलावर ठेवली. जाळीची, आतून बारीक बारीक टिकल्या लावलेली.

"माणसाचा हात हलायच्या आधी मेंदूत त्याची तयारी होते," ते म्हणाले. "अर्धा सेकंद आधी म्हणा. हात पुढं हलला नाही तरी तयारी झालेली असते, आणि ही टोपी ती पकडते. शिवाय मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग आहे. धोका दिसला की तो पेटतो. या दोन्हींचा आलेख आम्ही काढतो. सिनेमा चालू असताना."

तो सिनेमा असा होता. कॅमेरा म्हणजे बघणाऱ्याचेच डोळे. एक बंद फ्लॅट, दिवस कुठला ते कळत नाही, आणि एक रडणारं बाळ. बाळाचा चेहरा दिसत नाही, दुपट्यात नुसती हालचाल दिसते. तुम्ही दूध गरम करता, ते रडतं. खांद्यावर घेता, ते रडतं. शेजारी भिंत ठोकतो, फोन वाजतो, ते रडतंच. बाराव्या मिनिटाला सिनेमाला फाटे फुटतात. एक बाल्कनी, एक जिना, एक उशी, एक पाण्याची बादली, एक बाहेरून लावता येणारं दार. यातली कुठली गोष्ट दिसली की तुमचा आलेख उसळतो, ते टोपी बघते आणि सिनेमा तिकडं वळतो. पुढची दृश्यं संगणक तिथल्या तिथं तयार करतो. आणखी उसळला की आणखी जवळ नेतो. शेवटी पडद्यावर दिसतात ते दोन हात तुमचेच असतात, कारण आधी तुमच्या हातांची छायाचित्रं घेतलेली असतात.

"आणि हे बघून काय कळतं?" मी विचारलं.

"कोण मोडेल ते कळतं. ताणाखाली कुणाचा हात लेकरावर उठेल ते. सिनेमाआधी नुसती सुटी दृश्यं दाखवून दोन हजार आईबापांवर करून बघितलंय. त्यात पोरांना इजा करून तुरुंगात गेलेलेही होते. शंभरपैकी सत्तरच्या वर आकडा गेला की धोका."

"आणि जो नुसता घाबरट असेल त्याचं काय?"

"घाबरणाऱ्याचा आलेख चढतो आणि उतरतो. परक्या बाळासाठी माणूस किती वेळ घाबरेल? धोकादायक माणसाचा चढतो आणि वरच राहतो."

मला ते पटलं. पेपरात रोज काय काय वाचत होतो आपण. मी काम घेतलं.

सगळं झालं, फक्त रडणं जमेना. संग्रहातलं रडणं लावलं की मुजावरांच्या टोपीत आलेख मरगळून पडायचा. बघणाऱ्याला आतून कळायचं की हे खोटं आहे. खऱ्या बाळाला मुद्दाम रडवून ध्वनिमुद्रण करायला कायद्यानं बंदी. मुजावर हात चोळत बसायचे. आणि माझ्याकडे तर कपाटात खरं रडणं पडलेलं होतं.

बाळंतपणात यल्लव्वा रोज सकाळी तेल लावायला यायची. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायची, ओजसला नडग्यांवर पालथा घालायची आणि कढत पाण्याचे तांबे ओतायची. तो जीव खाऊन रडायचा. बाळंतिणीची खोली न्हाणीला लागूनच. ऋजुतानं शेगडीपाशी कान बांधून पडून राहायचं, उठायचं नाही, असा यल्लव्वाचा दंडक आणि माझाही. "रडू दे वो बाई," यल्लव्वा म्हणायची, "रडलं की छाती मोकळी हुतीया." ऋजुता तिकडून ओरडायची, "आई, बास झालं! घे त्याला! घे गं त्याला!" आणि मी न्हाणीच्या दारात रेकॉर्डर धरून उभी. मला सगळंच टिपून ठेवायची खोड. पाण्याची धार, तांब्याचा आवाज, आणि ते रडणं. असं रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तेच मी सिनेमात घातलं. पाणी साफ केलं, तांब्या काढला. मागून येणारा ऋजुताचा आवाज काढायला दोन दिवस लागले, पण तोही काढला. संस्थेच्या कागदावर "संग्रहातून" असं लिहून सही ठोकली. मुजावरांनी ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! गोपनीयतेचा करार होता, सिनेमाला नामावळी नव्हती. ऋजुताला मी एवढंच सांगितलं की एका संस्थेचं काम केलं.

वर्षभरात त्या सिनेमाचं नाव झालं. लोक त्याला "चौतीस मिनिटं" म्हणायला लागले. दत्तक देणाऱ्या संस्थांनी तो घेतला, पाळणाघरांनी घेतला, आणि मग मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत कोर्टं त्याचा अहवाल मागायला लागली. वकिलांच्या भांडणापेक्षा आकडा बरा, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

ओजस दीड वर्षाचा होता तेव्हा ऋजुता एक बॅग आणि त्याला घेऊन दारात उभी राहिली.

कौस्तुभ वाईट माणूस नव्हता. तो चांगल्या भाडेकरूसारखा होता. आवाज नाही, तक्रार नाही, सगळं वेळेवर, आणि घरातल्या कशाशी संबंध नाही. ओजस आजारी पडला की हा दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचा, सकाळी ऑफिस असतं म्हणून. पुण्याला गेल्यापासून वर्षभर पोरगी एकटीनं झिजली. केस गळले, डोळे खोल गेले. समुपदेशन करणाऱ्या बाईंपुढं एकदा बोलून गेली, "कधी कधी वाटतं, याला खाली ठेवावं, दार ओढून घ्यावं आणि निघून जावं." बाईंनी ते लिहून घेतलं. घटस्फोटाचा अर्ज झाला तेव्हा कौस्तुभच्या वकिलानं तेच वाक्य पुढं केलं. कोर्टानं सांगितलं, दोघांनीही चौतीस मिनिटं बघून या.

आता इथं मी काय केलं ते ऐका. मला माहीत होतं की त्या सिनेमात ओजस रडतोय. मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं की करार मोडला, खोटी सही उघडी पडली. आणि खरं सांगायचं तर ते कारण दुसरं. पहिलं कारण असं की मला वाटलं, यानं ऋजुताचा फायदाच होईल. स्वतःच्या लेकराचा आवाज ऐकून तिच्या मनात माया दाटेल आणि आलेख खाली येईल. बत्तीस वर्षं आवाजात घालवलेल्या बाईची अक्कल ती एवढी!

चाचणी सकाळी दहाला होती. केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही बसलो, ओजस माझ्या मांडीवर. आधी कौस्तुभ आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं घड्याळ बघितलं.

"कसा होता?" मी विचारलं.

"बरा होता. थोडा लांबवलाय," तो म्हणाला आणि ओजसच्या गालाला बोट लावून ऑफिसला निघून गेला.

मग ऋजुता गेली. चौतीस मिनिटांनी दार उघडलं. ती भिंतीला धरून चालत होती. तिच्या कुडत्याच्या छातीवर दोन ओले गोल उमटले होते. ओजसचं अंगावरचं दूध तोडून पाच महिने झाले होते.

ओजसनं तिच्याकडे झेप घेतली. ती मागं सरकली.

"ऋजू, काय झालं?"

"आई, तो ओजस होता," ती म्हणाली. "चेहरा दाखवत नव्हते, पण तोच होता. मला पाण्याकडं नेलं त्यांनी. मी नको म्हणत होते तसं आणखी आणखी जवळ नेलं. बादलीत... माझे हात होते, आई. माझी अंगठी होती."

मी तिला रिक्षात घातलं. पाणी का, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. बाल्कनी नाही, जिना नाही, उशी नाही, पाणीच. सव्वा महिना ती भिंतीपलीकडं पडून ते रडणं ऐकत होती, तिकडं पाणी पडत होतं आणि तिला उठायची परवानगी नव्हती. ते रडणं आणि पाणी तिच्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेलं. बादली दिसल्याबरोबर आलेख उसळला असणार, आणि यंत्राला उसळी तेवढी दिसते. त्यानं तिला पाण्यात नेलं.

अहवाल आठ दिवसांनी आला. कौस्तुभ बारा. ऋजुता एकोणऐंशी.

मी त्याच दुपारी मुजावरांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. न्हाणी, रेकॉर्डर, खोटी सही. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसले.

"ताई, आईचं शरीर स्वतःच्या बाळाचं रडणं हजार रडण्यांत ओळखतं," ते शेवटी म्हणाले. "दूध उतरतं, हात आधीच पुढं होतात. उचलायला पुढं होणारा हात आणि ढकलायला पुढं होणारा हात, दोन्हींची तयारी टोपीत सारखीच दिसते. भीती आणि इच्छा, दोन्हींना बदाम सारखाच पेटतो. आम्ही वेगळं काढतो ते उताराच्या जोरावर. परक्याच्या पोरासाठी पेटलेला माणूस विझतो. ती कशी विझेल?"

"म्हणजे जी जास्त जीव लावते तीच नापास?"

"स्वतःचं बाळ असेल तर, हो. कुणाच्याच बाबतीत तसं होणार नव्हतं. तुम्ही..." पुढं ते बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते.

माणूस सरळ. त्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्र दिलं, पहिली चाचणी रद्द झाली, माझं रडणं सिनेमातून काढलं गेलं. संस्थेनं माझं नाव काळ्या यादीत टाकलं, त्याचं मला काही वाटलं नाही. कोर्टानं नव्या रडण्यावर फेरचाचणीची तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची. तोपर्यंत ओजस आमच्याकडेच. मी देवापुढं साखर ठेवली. वाटलं, सुटलो.

पण घरात दुसरीच ऋजुता वावरत होती. ओजसला आंघोळ घालायची नाही, ते मी. त्याला भरवायचं नाही, तेही मी. बादल्या तिनं पालथ्या घालून ठेवल्या. गॅलरीच्या दाराला कुलूप घालून किल्ली माझ्या कमरेला अडकवली. उशा कपाटात गेल्या. मी खाली स्टुडिओत निघाले की जिन्यापर्यंत मागं यायची. "आई, मला त्याच्यापाशी एकटीला सोडून जाऊ नकोस." ओजस तिच्याकडं रांगत, धडपडत, पळत जायचा आणि ती खोली बदलायची. त्याला तो खेळ वाटायचा. हसत हसत तो तिच्या मागं दुसऱ्या खोलीत जायचा, मग तिसऱ्या.

एका दुपारी तो झोपला असताना मी तिला समोर बसवलं आणि तो आवाज कुणाचा, कुठून आला, ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझ्या अंगावर येईल. यायला हवी होती. ती शांतपणे ऐकत राहिली.

"आवाज तू दिलास," ती म्हणाली. "पण त्याला पाण्यात दाबणारे हात मी बघितलेत ना? ते तर खोटं नव्हतं. यंत्राला काहीतरी सापडलं म्हणून त्यानं दाखवलं."

"अगं, भीती सापडली त्याला! तुझी भीती! डॉक्टरांनी लिहून दिलंय की."

"भीती कशाची, आई? माझ्या हातून होईल याचीच ना? मग ते माझ्यात आहे."

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी कुणालाच सांगितलेली नव्हती, तिच्या बापालासुद्धा नाही.

(आमच्याकडच्या बायका बोलताना "आलो", "गेलो" म्हणतात. कौस्तुभला लग्नात त्याची फार गंमत वाटली होती.)

"तू सात महिन्यांची होतीस," मी म्हटलं. "दात येत होते. सलग चार दिवस रडत होतीस. पाचव्या दिवशी दुपारी मी तुला पलंगावर आपटलो. ठेवलो नाही, आपटलो. गादी होती म्हणून वाचलीस. दाराला बाहेरून कडी घातली आणि चालत सुटलो ते रंकाळ्यावर गेलो. तळ्याच्या कठड्यावर बसलो. मनात काय काय आलं ते सांगत नाही. अर्धा तास बसलो असेन."

ऋजुता माझ्याकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी नीट बघत होती.

"आणि मग?"

"मग काय? आलो परत. तू झोपली होतीस. उठवून घेतलं, रडलो, कुकर लावला. सगळ्यांच्या घरात हे होतं, ऋजू. कुणी सांगत नाही एवढंच."

"तू परत आलीस," ती म्हणाली, "कारण तुला कुणी दाखवलं नव्हतं."

"काय दाखवलं नव्हतं?"

"पुढचं. तू कठड्यावर बसलीस तेव्हा तुझ्या मनात आलं आणि गेलं. माझ्या मनात आलेलं मला पूर्ण दाखवलंय, शेवटपर्यंत. आता ते जात नाही. त्याला हात लावायला गेले की आधी ते दिसतं."

मी तिला जवळ घेतलं. ती घेऊ देत होती, पण तिचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, ते मला लागत होते. त्या दिवशी मी स्वतःला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फेरचाचणीच्या दिवशी नवं रडणं होतं, कुठल्या तरी परक्या बाळाचं, लस टोचताना रीतसर परवानगीनं घेतलेलं. मुजावर स्वतः हजर होते. ऋजुता आत गेली आणि बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. घामानं डबडबली होती, पण चेहऱ्यावर एक समाधान होतं. आजार काय आहे ते शेवटी कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं.

आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

मी मुजावरांच्या टेबलावर हात आपटला. "आता कुणाचं रडणं होतं? आता काय कारण?"

त्यांनी आलेख माझ्याकडं फिरवला. पहिल्या मिनिटापासून रेघ वरच होती. बाळ रडायला लागायच्या आधीपासून. "सिनेमा सुरू व्हायच्या आधीच ती पाण्यापाशी जाऊन उभी होती, ताई," ते म्हणाले. "काय येणार ते तिला ठाऊक होतं. यंत्र आता मोजतंय ते आम्हीच तिच्यात घातलंय. पण हे लिहू कसं? माझ्याकडे फक्त रेघ आहे. आणि रेघ उतरत नाही."

"पुन्हा घ्या. वर्षभरानं घ्या."

"घेऊ. तिनं मागितली तर."

तिनं मागितली नाही. कोर्टानं ओजसचा ताबा कौस्तुभला दिला. वकिलानं अपिलाचे कागद तयार केले, मुजावर साक्षीला उभे राहायला तयार होते. ऋजुतानं कागद वाचले, घडी घातली आणि परत दिले. "ओजसला माझ्यापासून लांब ठेवताहेत ते बरोबर आहे," ती वकिलाला म्हणाली. "मीसुद्धा तेच केलं असतं. कुठलीही आई करेल." वकील माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं.

कौस्तुभ ओजसला न्यायला आला तेव्हा त्याला बिचाऱ्याला कसं धरायचं तेही नीट माहीत नव्हतं. मी त्याला दाखवलं. औषधं कुठली, वरणात तूप किती, झोपताना पाठीवर कसं थोपटायचं. तो फोनमध्ये सगळं लिहून घेत होता. बारा आकड्याचा बाप. सिनेमात बाळ रडत होतं तेव्हा हा काय विचार करत होता, असं मी त्याला विचारलं. "खरं सांगू?" तो म्हणाला, "मी ऑफिसच्या एका मेलचा विचार करत होतो." त्यानं ते इतकं सरळ सांगितलं की मला त्याचा रागही धरता आला नाही. ऋजुता आतल्या खोलीत कडी लावून बसली होती. ओजसनं जाता जाता त्या दारावर तीन-चार चापट्या मारल्या. दार उघडलं नाही.

आता दर शनिवारी सकाळी अकरा ते एक आम्हाला पुण्यात कोर्टाच्या एका खोलीत ओजसची भेट मिळते. चटया, खेळणी, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात लक्ष ठेवायला बसलेल्या एक बाई. पहिल्या शनिवारी ओजस दारातून दिसला तोच पळत सुटला, दोन्ही हात वर करून, "आई घे, आई घे" करत. ऋजुतानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. तो तिच्या गुडघ्यांना धरून उड्या मारत राहिला. मी उठले तर तिनं मानेनंच नको म्हटलं, मी त्याला उचललं तरी तो माझ्या कडेवरून तिच्याकडंच झेप घेईल म्हणून. शेवटी त्या बाईंनीच त्याला उचलून खेळण्यांकडं नेलं. दुसऱ्या शनिवारी तो आला, पण मध्येच थांबला. तिसऱ्या शनिवारी लांबून बघत राहिला आणि हात वर केले नाहीत.

चौथ्या शनिवारी तो कौस्तुभचं बोट धरून आत आला. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं, एखाद्या ओळखीच्या बाईकडं बघतात तसं, आणि सरळ चटईवरच्या गाड्यांकडं गेला. दोन तास खेळला. निघताना मला टाटा केला. तिच्याकडं वळलाच नाही.

मला वाटलं, आता ही कोसळते. मी तिचा दंड धरून जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यावर ती थांबली आणि माझ्याकडं वळून हसली. कितीतरी महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"आई, बघितलंस?" ती म्हणाली. "आज तो माझ्याकडं आलाच नाही. शिकला गं. आता त्याला काही होणार नाही."

त्या दिवशी कोल्हापूरला येताना वाटेत तिनं मला गाडी थांबवायला लावली आणि ती पोटभर जेवली.